भरतीसाठी केटलबेल स्विंग: १२ किलो घेऊ की १६?

वावरवाट (दारव्हा तालुका, यवतमाळ)
नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. वजन ५८ किलो, धावणं रोजचं आहे, पण गोळ्याला आणि १०० मीटरला जोर कमी पडतो. जिम गावापासून २२ किलोमीटर. घरीच केटलबेल (वर मूठ असलेलं ओतीव लोखंडी वजन) घेऊन स्विंग, म्हणजे ती पायांमधून झोका देत छातीपर्यंत नेणं, करावं असा विचार आहे. चार शंका आहेत. याचा भरतीला खरंच फायदा होतो का? १२ किलोची घ्यावी की १६ ची? तोवर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये रेती भरून चालेल का? आणि कॅननं वीसेक स्विंग केले की कंबर भरून येते, ते कशामुळे?

लोखंडपाटी
कंबरेपासून सुरू करतो, बाकी नंतर. वीस स्विंगमध्ये कंबर भरते म्हणजे बहुतेक वेळा वाकणं खुब्यातून न होता मणक्यातून होतं आहे आणि वजन हातानं ओढलं जातं आहे. स्विंगमध्ये थकायला हवेत ते कुल्ले आणि मांडीमागचे स्नायू.

वजन बाजूला ठेवा. भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून एक पाऊल दूर ठेवून उभे राहा. गुडघे किंचित सैल करा आणि कुल्ले मागे ढकलून भिंतीला टेकवा. जमलं की दोन बोटं पुढे सरका, परत टेकवा. जिथून जेमतेम टेकतात ती तुमची जागा. पोटऱ्या जवळपास उभ्याच राहिल्या पाहिजेत. गुडघे पुढे गेले की ती बैठक झाली. मग पाठीवर उभी काठी धरा. तुरीची सरळ तुराटी चालते, पऱ्हाटी नको, ती वाकडी असते. डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून वाका. एक जरी जागा सुटली तरी पाठ गोल झाली. हे रोज २० वेळा, आठवडाभर. कंटाळवाणं आहे, पण हे टाळणारेच पुढे कंबर धरून बसतात.

आता स्विंग. केटलबेल (पुढे नुसतं बेल म्हणतो) चवड्यांपुढे एक फूट ठेवा, पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले. मूठ धरून बेल आपल्याकडे तिरपी करा. गाडीत कट्टा (भरलेलं पोतं) फेकायच्या आधी दोघं जण त्याला मागे झोका देतात ना, तसा झोका पायांमधून मागे द्या. मनगटाच्या वरचा भाग जांघेला लागला पाहिजे आणि बेल गुडघ्यांच्या वरूनच गेली पाहिजे. ती गुडघ्यांखाली लोंबली की सगळा ओढा कंबरेवर येतो. तिथून झटक्यात ताठ उभे राहा. बेल छातीपर्यंत आपोआप तरंगत येते, हात फक्त दोरीचं काम करतात. वर असताना गुडघे सरळ, कुल्ले आवळलेले, तोंडानं जोरात श्वास सोडलेला. मागे कलायचं नाही. कंबर भरण्याचं दुसरं मोठं कारण तेच. परतताना घाई करू नका. हात अंगाला लागेपर्यंत थांबा, मगच वाका.

हात ओढतात की नाही ते पाहायला बेलच्या मुठीतून दुपट्टा ओवून त्याची दोन्ही टोकं धरा आणि हलक्या वजनानं पाच स्विंग करा. वर गेल्यावर बेल दुपट्ट्याच्या रेषेत दिसली तर ठीक. खाली लोंबकळली तर खांदे काम करत आहेत.

पायाला झणझण उतरत असेल, बधिरपणा असेल किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टर, मग हे सगळं. वजन १२ पासूनच घ्या.

कट्टा_भौ
भौ, कॅनचा नाद सोडा. कोरडी रेती लिटरमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते, म्हणजे पाच लिटरची कॅन आठेक किलोची. एवढ्या वजनात हातानं ओढायची सवय लागते, कारण ओढलं तरी जमून जाते. त्यात मुठीत एकच हात मावते आणि प्लास्टिकची मूठ कधी तडकन ते सांगता येत नाही. समोर कोणाले उभं करू नका.

त्यापेक्षा टी-हँडल बनवा, म्हणजे वर आडवी मूठ आणि खाली प्लेटा ओवलेला पाइप. पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा एक फुटाचा तुकडा, दोन्हीकडं आटे पाडून घ्या. वर एक टी (तीन तोंडांचा जोड), तिच्यात दोन्ही बाजूंनं चार-चार इंची निपल (आटे पाडलेले पाइपचे तुकडे) आणि टोकाले कॅप. खाली फ्लँज, म्हणजे प्लेटा अडवाले आट्यांची चकती. पाइपवर जिमच्या लोखंडी प्लेटा ओवायच्या, पण वर टी लावायच्या आधी. दुकानात जातानी एक प्लेट सोबतच न्या, सगळ्यांचं भोक सारखं नसते. प्लेटा पाच किलोच्या किंवा लहान घ्या, मोठी प्लेट पायाले घासते.

बिघडते ते दोन जागी. एक, झोक्यानं आटे ढिले होतात, म्हणून दर वेळेस सुरू कराच्या आधी पान्यानं आवळून पाहा. टी आणि निपल टॅक वेल्डिंग (ठिपक्या-ठिपक्यांचं वेल्डिंग) करून टाकले तर उत्तम, पण जीआयवर जस्ताचा थर असते, तो आधी घासून काढाले सांगा आणि काम उघड्यावर करा, तो धूर छातीले वाईट. दोन, बेल वर तरंगली की प्लेटा सरकून बोटांवर येतात. प्लेटांच्या वर होज क्लिप (पाइपवर आवळायची पट्टी) आवळा, ठिबकच्या सामानात भेटते.

पहाटफेरी
वजनावर लोखंडपाटी यांच्याशी माझं पटत नाही. वाकणं नीट बसलं असेल तर ५८ किलोच्या धावणाऱ्या मुलाला १२ किलो महिनाभरात हलकी पडते. विकत घ्यायचीच असेल तर १६ घ्या, आणि पहिला महिना टी-हँडलवर १० ते १२ किलोनं काढा. मुलींसाठी ८ ने सुरुवात, मग १२. (१६, २४, ३२ हे आकडे रशियातले. तिथलं धान्य तोलायचं जुनं माप पूड, म्हणजे १६.३८ किलो.) घेताना मुठीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. ओतकामाची धार राहिली असेल तर ती तळहात फाडते. कानशीनं घासून काढा.

आता भरती. मुलांच्या मैदानी ५० गुणांपैकी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५. स्विंगचा थेट उपयोग शेवटच्या दोन्हींना, म्हणजे ३० गुणांना. गोळा ७.२६० किलोचा, तो हातानं जातो असं वाटतं, पण जोर मागच्या पायातून आणि खुब्यातून येतो. १०० मीटरच्या सुरुवातीलाही तेच. इंग्लंडमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, १२ मिनिटं, ३० सेकंद स्विंग आणि ३० सेकंद आराम असं करवून घेतलं, तेव्हा उभ्या उडीची उंची आणि पायांची ताकद दोन्ही वाढली. १६०० ला मात्र धावण्याशिवाय पर्याय नाही. स्विंगनं धाप लागते म्हणून धावणं कमी केलं तर वेळ बिघडेल.

वेळापत्रक असं: आठवड्यातून तीन दिवस, घड्याळ लावून. प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला ५ स्विंग, उरलेला वेळ आराम, असे १० मिनिटं. दोन आठवड्यांनी ७, मग १०. दहा स्विंगला पंधराएक सेकंद लागतात, पाऊण मिनिट दम घ्यायला मिळतो. बेल छातीपर्यंत येणं बंद झालं की त्या दिवसाचं काम संपलं, संख्या पुरी करायला रेटू नका. वेगाच्या फेऱ्या मारायच्या आदल्या दिवशी स्विंग नको. कापूस वेचणीच्या किंवा १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी केलेल्या दिवशीही नको. कंबर दिवसभर आधीच वाकलेली असते.

वावरवाट
सगळ्यांचे आभार. कॅन बंद केली. भिंतीचा प्रकार केला तर गुडघे पुढे जातात हे लगेच दिसलं. अजून दोन गोष्टी: बूट कोणते, आणि घामानं मूठ सरकते त्याचं काय?

लोखंडपाटी
फुगीर तळाचे धावायचे बूट नकोत, त्यात टाच डुलते. अनवाणी किंवा सपाट तळाचे कॅनव्हास. सारवलेलं अंगण ताजं असेल तर पाय सरकतो, ते वाळू द्या. फरशीवर करू नका, बेल टेकवताना फरशी फुटते.

मुठीसाठी शाळेचा खडू फार कामाचा नाही, तो जिप्समचा असतो. खेळाच्या दुकानातली मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घाम शोषते. नसेल तर कोरडा दुपट्टा जवळ ठेवा आणि दर मिनिटाला हात आणि मूठ दोन्ही पुसा. मूठ तळहाताच्या मध्यात आवळू नका, बोटांच्या मुळाशी आकड्यासारखी अडकवा. घट्टे कमी येतात. आलेले घट्टे आंघोळीनंतर वजरीनं घासून सपाट ठेवा, उंच राहिले की सोलतात.

कट्टा_भौ
आणि उन्हाळ्यात सहाच्या आत उरकून घ्या भौ. लोखंड अंगणात ठेवलं तर सकाळी नऊलेच हातात धरवत नाही.