मदत हवी आहे : १४ गुणांची मेलही स्पॅमॲसॅसिन स्वतःहून स्पॅम म्हणून शिकत नाही

नमस्कार. एका लहान मेल सर्व्हरवर स्पॅमॲसॅसिन या नियमांनुसार गुण देऊन स्पॅम ओळखणाऱ्या प्रणालीची ३.४ मालिकेतील आवृत्ती चालते आणि तिच्यातील बेझ फिल्टरचे (आधीच्या मेलवरून शिकून स्पॅमची शक्यता ठरवणाऱ्या भागाचे) स्वयंशिक्षण सुरू आहे. मर्यादा मूळच्याच आहेत, म्हणजे ०.१ पेक्षा कमी गुणांची मेल हॅम (स्पॅम नसलेली मेल) म्हणून आणि १२ किंवा अधिक गुणांची मेल स्पॅम म्हणून आपोआप शिकली जावी. प्रत्यक्षात १४.३ गुण मिळालेल्या, उघडउघड स्पॅम असलेल्या मेलच्या हेडरमध्येही ‘ऑटोलर्न=नो’, म्हणजे आपोआप शिकली नाही, असे येते.

‘एसए-लर्न’ या बेझला शिकवण्याच्या आज्ञेने डेटाबेसची आकडेवारी काढली, तर हॅम ६,८१२ आणि स्पॅम अवघे २३१ दिसतात. दोन्हींकडे किमान २०० मेल असण्याची अट पूर्ण झाल्यामुळे बेझचे नियम लागू होतात खरे, पण तफावत वाढतच चालली आहे आणि अलीकडे काही स्पॅम मेलवर चक्क ‘बेझ_००’, म्हणजे स्पॅम नसल्याचा बेझचा निर्वाळा, लागलेले दिसते. ही आज्ञा मी रूटने (मुख्य प्रशासकाच्या खात्याने) नव्हे, तर डीमन (पार्श्वभूमीत चालणारा स्पॅमॲसॅसिनचा प्रोग्रॅम) ज्या खात्यावर चालतो त्याच खात्यावरून दिली होती. त्यामुळे भलत्याच डेटाबेसकडे पाहत असण्याचा प्रश्न नाही. ‘ऑटोलर्न=फेल्ड’ किंवा ‘अनअव्हेलेबल’ही कुठे दिसत नाही. मग घोडे अडते कुठे? १२ ची मर्यादा ८ वर आणावी का?

प्रतिसाद १

मर्यादेला इतक्यात हात लावू नका. हेडरमध्ये दिसणारे गुण आणि स्वयंशिक्षणासाठी धरले जाणारे गुण हे दोन वेगळे आकडे आहेत. शिकायचे की नाही हे ठरवताना स्पॅमॲसॅसिन बेझ नसलेल्या गुणसंचाने मेलचे गुण पुन्हा मोजते, कारण बेझच्याच निकालावरून बेझला शिकवणे म्हणजे स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणे. व्हाइटलिस्ट आणि ब्लॅकलिस्टचे (कायम स्वीकारायच्या आणि नाकारायच्या पत्त्यांच्या याद्यांचे) गुणही त्यात धरले जात नाहीत. तुमच्या १४.३ मध्ये ‘बेझ_९९’ आणि ‘बेझ_९९९’ (बेझच्या मते जवळपास नक्की स्पॅम) यांचे मिळून ३.७ गुण असतील, तर ती मेल तिथेच १२ च्या खाली येते.

दुसरी अट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. स्पॅम म्हणून शिकण्यासाठी हेडरच्या नियमांतून किमान ३ आणि मजकुराच्या नियमांतून किमान ३ गुण मिळावे लागतात. म्हणूनच ही मर्यादा ६ च्या खाली नेण्यात काही अर्थ नसतो. एखादी मेल ‘बेझ’ आणि ‘लर्न’ या विभागांचे डीबग (तपशीलवार नोंदी) चालू करून तपासा. फेरमोजणीचे गुण, हेडरचे गुण, मजकुराचे गुण हे सगळे तिथे छापून येते.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. वरच्या मेलचे फेरमोजणीत १०.९ गुण भरले. आणखी एका मेलचे १३.२ भरले, पण त्यात हेडरचे केवळ १.८ होते, पाठवणारा सर्व्हर कोणत्याही ब्लॉकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीवर) नव्हता आणि बहुतेक गुण मजकुरातील दुव्यांमुळे मिळाले होते. स्पॅमचे कोडे सुटले. मात्र हॅमची संख्या एवढी का फुगते आणि ‘बेझ_००’ कुठून येते, हे अजून उलगडलेले नाही.

प्रतिसाद २

माझ्या मते खरी काळजी हॅमचीच करायला हवी, कारण स्पॅम न शिकल्याने फिल्टर फक्त मंद राहतो, तर चुकीचे शिकल्याने तो उलटा चालू लागतो. बाहेरून आलेल्या मेलवर ‘ऑल_ट्रस्टेड’ (मेल फक्त विश्वासू सर्व्हरमधून आल्याचा नियम) लागते का, ते आधी पाहा. सर्व्हर नॅटच्या (खाजगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे असेल आणि ‘ट्रस्टेड_नेटवर्क्स’ (विश्वासू नेटवर्कची यादी) स्पष्ट लिहिलेले नसेल, तर असे होऊ शकते. त्या नियमाचा वजा १ गुण मिळाला की साधासा स्पॅमही ०.१ च्या खाली उतरून हॅममध्ये जमा होतो. ते ठीक असेल, तर ताज्या मोहिमांमधील मेल असू शकतात, ज्यांवर पहिले काही तास एकही नियम लागत नाही. अशा वेळी हॅमची मर्यादा शून्याच्या खाली नेणे बरे.

‘बेझ_००’ लागलेले स्पॅम गोळा करून ‘एसए-लर्न’ला स्पॅम म्हणून द्या. आधी हॅम म्हणून शिकलेली मेल ते आधी विसरते आणि मग नव्याने शिकते, त्यामुळे वेगळे ‘फर्गेट’ चालवावे लागत नाही. चुका फारच असतील, तर बॅकअप घेऊन डेटाबेस रिकामा करा आणि हाताने निवडलेल्या मेलपासून सुरुवात करा. दोन्हींकडे २०० होईपर्यंत बेझचे गुण मिळणार नाहीत, एवढे मात्र गृहीत धरा.