मदत हवी आहे: असेंब्लीतील ओळीचा बफर आणि मराठी अक्षरे

नमस्कार. दादरच्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या याद्यांसाठी मी लिनक्सवर, एक्स८६-६४ असेंब्लीत (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेत), सी लायब्ररी न वापरता एक एडिटर लिहीत असून प्रत्येक ओळीला 256 बाइटांचा बफर (मजकूर ठेवण्याची मेमरीतील जागा) आहे. ओळीच्या मध्ये अक्षर घालताना शेवटाकडून सुरुवात करून, एसटीडीनंतर (ही सूचना कॉपीची दिशा उलटी करते) रेप मूव्हएसबीने (एकामागून एक बाइट कॉपी करणाऱ्या सूचनेने) बाइट सरकवतो आणि लगेच सीएलडी करून दिशा पूर्ववत करतो. हे व्यवस्थित चालते.

अडचण कर्सरची आहे. ‘मुंबई’ हा यूटीएफ-8 मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) 15 बाइटांचा, 5 कोडपॉइंटांचा (युनिकोडमधील चिन्हांचा) शब्द, पण दिसतात तीनच अक्षरे, आणि डावा बाण दाबल्यावर कर्सर ‘मुं’च्या मधोमध थांबतो. कोडपॉइंटचे नंतरचे बाइट ओलांडून त्याच्या पहिल्या बाइटापर्यंत मागे जाऊन पाहिले. तरी अनुस्वार सुटाच राहतो.

प्रत्येक अक्षराच्या आरंभाचा ऑफसेट (ओळीच्या सुरुवातीपासूनचे बाइटांतील अंतर) वेगळ्या तक्त्यात ठेवावा, की मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ओळखत मागे जावे, आणि ‘क्ष’सारख्या जोडाक्षरांत हा दुसरा मार्ग टिकेल का?