सेकंड एडिशनचं अ‍ॅडव्हेंचर: कोणत्या नियमांनी चालवावं?

तळघर_१२: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका खेळायच्या खेळाच्या सेकंड एडिशनचं (१९८९) एक अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे तयार कथानक, चालवायचंय. चार खेळाडू, सगळे दुसऱ्या लेव्हलला, आणि त्यांना फक्त फिफ्थ एडिशन येतं. सेकंडचा थॅको (वार लागण्याचा मूळ आकडा) शिकवावा, ३.५ (थर्ड एडिशनची सुधारित आवृत्ती) घ्यावं, की फिफ्थ ठेवून आकडे बदलावेत? एका खोलीत १२ गॉब्लिन (छोटे राक्षस) आहेत (एसी, म्हणजे वार लागू न देण्याचा आकडा, ६), पुढे एक ओगर (धिप्पाड राक्षस, एसी ५).

वीसपैलू: सेकंडमध्ये एसी जितका कमी तितका चांगला. चिलखत नसेल तर १०, प्लेट मेल आणि ढाल असेल तर ३ वरून २. थॅकोतून समोरच्याचा एसी वजा करा, डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) तेवढे पडायला हवेत. दुसऱ्या लेव्हलच्या फायटरचा थॅको १९, गॉब्लिनचा एसी ६, म्हणजे १३. पाच मिनिटांत शिकवून होतं, लोक उगाच घाबरतात. आजच्या पद्धतीचा एसी हवा असेल तर जुना आकडा २० मधून वजा करा: ६ चे १४, ५ चे १५.

पण हे वाचण्यापुरतं. सेकंडचा ओगर सरासरी १९ एचपीचा (एचपी म्हणजे जिवाचे गुण), डॅमेज १ ते १०. ३.५ मध्ये तोच २९ एचपीचा, आणि २०१४च्या फिफ्थमध्ये ५९ एचपी, एसी मात्र ११! नाव तेच ठेवा, स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) ज्या एडिशनमध्ये खेळताय तिचाच घ्या.

फासेपारधी: आणि संख्या कमी करा, खरी गडबड तिथेच होते. सेकंडमध्ये १२ गॉब्लिन चालायचे, कारण पहिल्या लेव्हलचा स्लीप हा स्पेल २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) हिट डाइसचे (मॉन्स्टरच्या ताकदीचं माप) मॉन्स्टर सेव्हिंग थ्रोशिवाय, म्हणजे बचावाचा फासा टाकू न देता, झोपवायचा. म्हणजे सरासरी पाच गॉब्लिन एका झटक्यात आडवे. २०१४ मध्ये त्याच स्पेलला ५डी८ एचपीची मर्यादा आहे, ७ एचपीचे तीनेक गॉब्लिन झोपतील. फिफ्थच्या २०२४च्या सुधारित नियमांत तर विझडम सेव्ह, काँसन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष लागतं) आणि फक्त पाच फूट त्रिज्या.

२०१४चा हिशोब करून बघा. १२ गॉब्लिन × ५० एक्सपी (अनुभवाचे गुण) = ६००, इतक्या संख्येला गुणक ३, म्हणजे १८००. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी डेडली (जीवघेण्या) लढाईची रेषा ८०० ला आहे. सहा ठेवले तर ३०० × २ = ६००, बरोबर हार्ड (अवघड). उरलेले सहा पुढच्या बोळात ठेवा, आरडाओरडा झाला तर चारेक राउंडनी येतील.

ढाल_तलवार: ३.५ बद्दल कोणी बोलेना म्हणून. कॅरॅक्टर घडवण्याची मजा अजून तिथेच आहे. पण प्रत्येक बोनसचा प्रकार बघावा लागतो, एकाच प्रकारचे दोन बोनस सहसा जुळत नाहीत, शिवाय टच आणि फ्लॅट-फुटेड असे आणखी दोन एसी. फक्त फिफ्थ येणाऱ्यांना एका अ‍ॅडव्हेंचरसाठी एवढं शिकायला लावू नका. फोर्थ तर इथे नकोच, चौकटींच्या नकाशाशिवाय ते चालत नाही आणि सुरुवातीच्या पुस्तकांतल्या मॉन्स्टरचे एचपी उतरता उतरत नाहीत.

तळघर_१२: म्हणजे फिफ्थच. २०१४ की २०२४? आणि 'सेव्ह व्हर्सेस पॉयझन, नाहीतर मृत्यू' असं लिहिलंय त्याचं काय करू?

वीसपैलू: खेळाडूंच्या शीट ज्या नियमांच्या, तेच नियम. दोन्हींची खिचडी केली की पॅलाडिनपाशी (धर्मयोद्ध्यापाशी) अडतं: २०१४ मध्ये प्रत्येक लागलेल्या वारावर स्माइट (जादा डॅमेज) करता येतो, २०२४ मध्ये त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते, म्हणून टर्नला एकच. जखमा भरणारा क्युअर वूंड्स स्पेलही १डी८ चा २डी८ झालाय. पुस्तकं नसतील तर दोन्हींचे एसआरडी (मूळ नियमांचे संच) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत, ५.१ आणि ५.२.

सेकंडमध्ये सेव्हचा आकडा सेव्ह करणाऱ्याच्या क्लास आणि लेव्हलवरून ठरतो, त्यामुळे डीसी (सेव्हसाठी गाठायचा आकडा) लिहिलेला सापडणार नाही. सरळ कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १३ धरा. '-२ ने सेव्ह' असेल तर १५. मृत्यूऐवजी ३डी६ पॉयझन डॅमेज आणि तासभर पॉयझन्ड.

फासेपारधी: खजिनाही चाळून घ्या. फिफ्थमध्ये प्रोफिशिअन्सी बोनस (फाशात मिळवायचा कौशल्याचा आकडा) वीस लेव्हलमध्ये +२ वरून +६ पर्यंतच जातो. प्लेट आणि ढाल मिळून एसी २०. त्यावर फाशात +६ मिळवणाऱ्या ओगरला १४ लागतात. दोन्ही +२ ची दिलीत तर एसी २४ आणि ओगरला १८. +१ तलवारी खुशाल राहू द्या, चिलखतावरचे प्लस तेवढे काढा.