सत्तरीत पाटी हातात घ्यायची ती कुणासाठी?

पाटीपेन्सिल

गेल्या दिवाळीपासून आमची आई मुळाक्षरं गिरवतेय. वय ७१, संगमनेर तालुक्यात जिरायती शेती. तिच्या लहानपणी दोन्ही भाऊ शाळेत गेले आणि ही शेळ्यांमागे. आता नातीच्या जुन्या पाटीवर 'घ' आणि 'ध' यांच्यात अडकते आणि स्वतःवरच चिडते.

परवा घरी पाहुणे होते. मामेभावाने पाटी पाहिली आणि म्हणाला, "आत्या, आता कशाला हा उपद्व्याप? तुझं शहाणपण आमच्या डिग्र्यांना भारी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेही हसून पाटी कॉटखाली सरकवली. त्या हसण्यावरून हा धागा.

शहाणपण आहेच, कोण नाही म्हणतंय? रोहिणी-मृगाचा अंदाज, कोणतं बियाणं राखेत ठेवायचं, अडलेली गाय कशी मोकळी करायची, कुणाच्या घरचं भांडण मिटवायला जायचं आणि कुणाच्या नाही, हे सगळं तिला कळतं. पण याच बाईने दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी दुप्पट घेतली. ती गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. दुकानातून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची हिरवी पट्टी आली, घरात जुनी निळी शिल्लक होती. तिने दोन्हीतली एकेक खाल्ली आणि ओट्याजवळ चक्कर येऊन पडली. बँकेत अंगठा दिला की शाई लागलेलं बोट पदरात लपवून बाहेर येते, हे तर मी लहानपणापासून बघतेय.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसायच्या. ते फोटो मी आईला दाखवले, तिथून आमच्याकडे पाटी निघाली.

माझं मत असं की ज्या बायकांना आपण शिकवलं नाही, त्यांच्या गळ्यात 'आतलं शहाणपण' नावाचा हार घालतो. हार घातला की आपलं देणं फिटलं. बोला.

माळरान

असहमत, ताई. राग मानू नका.

गोळीवर उपाय पाटी नव्हे. घरातल्या कुणीतरी रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून द्यायच्या, एवढंच. ते आपण करत नाही आणि म्हातारीला बाराखडी शिकायला लावतो.

माझी आजी ८४ व्या वर्षी गेली. हरिपाठाचे २८ अभंग तोंडपाठ, शेवटची वारी ७९ व्या वर्षी. तिला वाचता येतं का, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही आणि तिला त्याचा कमीपणा वाटल्याचंही आठवत नाही. बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता-वाचता येत होतं? अक्षर ही एक कारागिरी आहे, सुतारकामासारखी. ती येत नाही म्हणजे माणूस अपुरा, हा आपला शहरी समज.

आणि ते गुलाबी गणवेश. साठ वर्षं राबलेल्या बाईच्या खांद्याला पहिलीतल्या पोरीसारखं दप्तर अडकवून कॅमेऱ्यापुढे उभं करायचं, यात तिची प्रतिष्ठा वाढते की बघणाऱ्याची करमणूक होते? शिकायचंच असेल तर आपण पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसावं.

चिंचगुळ

माळरान, हरिपाठाचं पटलं. पण बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्यांच्या ओव्या आज आपल्यापर्यंत आल्या कशा? मुलगा सोपानदेव कवी होता आणि घरातल्यांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून. पुस्तक छापलं गेलं १९५२ मध्ये, त्या जाऊन काही महिने झाल्यावर. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते, त्या बहिणाबाई कुठे गेल्या?

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, लाखाच्या वर भरल्या. गिरण्या आल्या, दळायची जाती कोपऱ्यात गेली. लिहून घेणारे पोचले नसते तर त्या ओव्या पिठाबरोबर उडून गेल्या असत्या. शहाणपण आतलं असतं हे खरं, पण आतच राहिलं तर माणसाबरोबर जळतं.

माळरान

लिहून घ्या की मग! लिहून घेणाऱ्याने लिहावं, म्हणणारीने म्हणावं. त्यासाठी ओवी म्हणणारीला 'अ अननसाचा' कशाला?

निवृत्त_मास्तर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. नव्वदीच्या दशकात साक्षरता अभियानात मी दोन वर्षं रात्रीचा वर्ग चालवला, म्हणून थोडं सविस्तर.

तेव्हा वाचनपाठांची तीन पुस्तकं असायची, एकापाठोपाठ एक. दिवसभर खुरपून आलेल्या बाया पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या पानावर पेंगायच्या. खुरप्याची सवय असलेला हात पेन्सिल इतकी दाबून धरतो की टोक मोडतं. पहिला महिना टोक काढण्यातच जायचा. अर्ध्याजणींना अक्षर कळत नव्हतं असं नाही, दिसत नव्हतं. मोतीबिंदू. आधी चष्मा हवा, मग पाटी, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

माळरान यांचं अननसाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्या वर्गात अननस कुणी पाहिलाच नव्हता. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि प्रत्येकीला तिच्या लेकरांची नावं फळ्यावर लिहून दिली. जिला चार मुलं, तिला आठवड्यात दहा-बारा अक्षरं आली. पण अभियान संपलं, वर्ग बंद पडला, वाचायला हातात काही नव्हतं. वर्षभराने भेटल्या तेव्हा बहुतेकींकडे फक्त सही उरली होती. कागदावर मात्र गाव साक्षर.

आता केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या असाक्षरांची चाचणी होते. १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान ५०-५०. चाचणी वाईट नाही. पण चाचणीनंतरच्या सोमवारी आजी काय वाचणार, हा माझा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

फांगण्याबद्दल एक दुरुस्ती. पोथी स्वतः वाचता यावी ही तिथल्या आज्यांचीच इच्छा होती. शाळा त्यातून निघाली, गणवेश नंतरचा. त्यामुळे करमणुकीचा शेरा बघणाऱ्यांवर मारा, आज्यांवर नको.

उशिराची_गाडी

मी पाटीवाली नव्हे, पण उशिरा शिकलेली. दहावी नापास, विसाव्या वर्षी लग्न. ४६ व्या वर्षी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि पुढे बीए केलं. पुस्तकं डाळीच्या डब्यांमागे ठेवायचे, कारण सासरे म्हणायचे, "साठी जवळ आली, बुद्धी नाठी व्हायची वेळ आणि हिला कॉलेज."

माळरानदादा, एक सांगते. शिकण्याआधीही मला घरातलं सगळं कळत होतं, फक्त मी बोलायचे नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंडा, मानपान, सुनेचं काम यावर धडे होते. वाचताना सारखं वाटायचं, अरे, हे तर मला माहीत आहे! त्या पुस्तकाने नवीन फार काही दिलं नाही. माझ्याजवळ जे होतं ते खरं आहे, एवढं छापून दिलं. तेवढ्यासाठी तीन वर्षं आणि फीचे पैसे, तरी महाग पडलं नाही.

माळरान

ताई, तुमचं वेगळं. तुम्हाला हवं होतं. मी बोलतोय ते लेकी-सुनांच्या हौसेखातर पाटी धरणाऱ्यांबद्दल. धागाकर्तीने आईला विचारलंय का? पूर्ण धाग्यात आईचं एकही वाक्य नाही. आहे ते हसू, आणि त्याचाही अर्थ लेकीने लावलेला.

पाटीपेन्सिल

हे लागलं. बरोबर आहे.

काल रात्री आईला विचारलं. फोनवर अक्षरं मोठी करून माळरान यांचा पहिला प्रतिसादच तिच्या हातात दिला. 'असहमत, ताई' एवढं वाचायला चार मिनिटं. दोन-तीन ओळी तिने स्वतः काढल्या, 'प्रतिष्ठा'वर गाडी अडली, पुढचं मी वाचून दाखवलं. तिचं पहिलं म्हणणं, "पोरगा बरोबर बोलतोय, डबी आणून दे."

मग बराच वेळ गप्प बसली आणि हक्कसोडाचं काढलं. आजोबा गेल्यावर मामांनी कागद आणला होता, 'इथं अंगठा कर' म्हणाले, तिने केला. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सुटला. हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी लगेच म्हणाले, वाचता येत असतं तर अडवलं असतंस ना? तर म्हणते, "नाही गं. भावांनाच दिलं असतं. पण वाचून दिलं असतं."

यावर मला काही सुचलं नाही. मामेभावावरचा राग तसाच आहे, पण वर जे 'देणं फिटलं' वगैरे लिहिलं त्यात माझा आवाज जास्त आणि तिचा कमी होता, हे मान्य.

माळरान

आईंना नमस्कार सांगा. गणवेशाबद्दलचं मत मी बदललेलं नाही. पण आजीला कमीपणा वाटत नव्हता, असं वर छातीठोकपणे लिहिलंय. तिला तसं विचारलं कुणीच नव्हतं, मीही नाही.

अवांतर: आईंचा तो 'घ' आणि 'ध' चा घोळ सुटला का?

निवृत्त_मास्तर

तो सुटतो. 'घ' घराचा, 'ध' धन्याचा, असं दोन्ही एकाच पाटीवर शेजारी लिहू नका. 'घ' पक्का होईपर्यंत 'ध' दाखवायचाच नाही. जोडाक्षरं तिला स्वतःहून अडू द्या, रफार सगळ्यात शेवटी. आणि पाटीपेन्सिलताई, गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं छापलेली नसतील तर तिलाच लिहायला लावा. सोम, मंगळ, बुध. 'बुध' मध्ये 'ध' येतोच.