मदत हवी आहे: पावसामुळे वडिलांचं चालणं बंद, झोप विस्कटली, विसरणं वाढलं

वडील, वय ७३, घर गोव्यात वाळपईला. मे अखेरपर्यंत सकाळी ४० मिनिटं चालायचे. पाऊस लागला नि ते थांबलं. आता दुपारी १ ते ३.३० झोपतात, रात्री ९.३० ला आडवे होतात, २ ला लघवीसाठी उठतात आणि मग पहाटेपर्यंत टक्क जागे. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेतात, तिच्यात क्लोरफेनिरामाइन आहे. रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर, त्यातच लघवी वाढवणारं औषध आहे. महिनाभरात औषध घेतलं की नाही हे विसरणं, एकच गोष्ट दोनदा विचारणं सुरू झालंय. बाहेर चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. घरात ७ मीटरचा सोपा (ओसरी) आहे. घरच्या घरी काय, किती, कधी करावं?

वाटसरू:
आधी बेरीज करा. दुपारचे अडीच तास आणि रात्रीचे साडेचार, म्हणजे ७ तास झाले. या वयाला ७ ते ८ पुरतात. झोप कमी नाही, चुकीच्या जागी पडलीय. दुपारची वामकुक्षी ३ च्या आत, गजर लावून ३० मिनिटं. रात्री ११ शिवाय अंथरुणावर नाही, सकाळी ६ ला उठायचं, रात्र कशीही गेली तरी. पहिला आठवडा जड जातो. संध्याकाळी ७ ला टीव्हीसमोर डुलकी लागली की सगळं मुसळ केरात, तेव्हा त्या वेळी त्यांना उभ्याचं काहीतरी काम द्या. उठल्यावर अर्धा तास सोप्यावर उजेडात बसवा, ढगाळ असलं तरी चालेल.

चालण्याला ७ मीटर तोकडे आहेत. दर दहा-अकरा पावलांना वळावं लागतं आणि म्हातारी माणसं बऱ्याचदा वळताना पडतात. एका पायावर गर्रकन फिरू नये, तीन-चार पावलांत मोठं वळण घ्यावं. त्यापेक्षा जागच्या जागी गुडघे उचलत चालणं बरं: १० मिनिटं, दिवसातून तीनदा, आठवड्यातून ५ दिवस. १५० मिनिटं भरतात. बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे.

शिवाय एक दिवसाआड खुर्चीवरून उठणं-बसणं, ८ वेळा, दोन फेऱ्या. प्लास्टिकची खुर्ची लादीवर मागे सरकते, म्हणून लाकडी घ्या नि पाठ भिंतीला टेकवा. बसताना तीन अंक मोजत खाली यायचं. धपकन बसलं की अर्धा व्यायाम वाया आणि कण्याला हिसका. तोलासाठी ओट्याशी उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावायची, १० सेकंद, मग पाय बदलायचे.

ओळखीचा_पाऊस:
व्यायामाआधी ती सर्दीची गोळी बघा. क्लोरफेनिरामाइन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवतं आणि आठवणीला तेच लागतं. ज्येष्ठांत त्याने गोंधळ, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं होतं. झोपेसाठी ती नकोच. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. सकाळी घेता येईल का एवढं डॉक्टरांना विचारा. २ ची जाग बहुधा तिचीच.

त्याच भेटीत सोडियम, बी-१२, थायरॉइड, साखर तपासून घ्या. लघवी वाढवणाऱ्या औषधाने सोडियम उतरू शकतं आणि तेही विसरण्यासारखंच दिसतं. कान तपासा. घोरताना श्वास अडकतो का, ते रात्री ऐका. एक-दोन दिवसांत एकदम भ्रम झाला, दिवस-रात्र कळेना, तर वाट न बघता त्याच दिवशी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

धागाकर्ता:
गुडघा उठताना दुखतो. रात्री औषध म्हणून थोडी फेणीही घेतात. आणि झोप सुधारेपर्यंत व्यायाम थांबवावा का?

वाटसरू:
थांबवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा २०२३ चा अभ्यास होता, ५० च्या पुढच्या सुमारे ९,००० जणांचा. व्यायाम करूनही ६ तासांहून कमी झोपणाऱ्यांचा बौद्धिक फायदा १० वर्षांत पुसला गेला, पण ७० च्या पुढच्यांत तो टिकला. तुमचे वडील त्याच गटात. एवढं खरं, की विसरण्याचा आजार जडलेला असेल तर व्यायामाने तो मागे हटतो असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या.

गुडघ्यासाठी खुर्ची उंच हवी. मऊ उशी घातली तर ती खचते आणि गुडघा अधिकच वाकतो. हात असलेली, उंच बैठकीची घ्या, पाय थोडे मागे ओढून नाक बोटांच्या पुढे येईतो वाका, मग उठा. तरी दुखलं तर ५ वेळाच करा.

फेणीने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते आणि घोरणं वाढतं. सर्दीच्या गोळीसोबत तर मुळीच नको, रात्री उठताना तोल जाईल. खोलीपासून न्हाणीपर्यंत मंद दिवा लावून ठेवा आणि पायपुसणं काढा.