'बायोस गेला म्हणजे बोर्ड गेला' – हा सल्ला कोण देतं आणि का?

रात्रपाळी_पर्वरी

परवा या फोरमवर एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं होतं. जुना एचपी लॅपटॉप, बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जरवर बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) अपडेट चालू असताना लाईट गेली. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. त्यावर 'हिशेबी' यांचं उत्तर जसंच्या तसं देतो: "बायोस गेला म्हणजे मदरबोर्ड गेला. बोर्डाच्या पैशांत सेकंडहँड लॅपटॉप येतो. चालतंय त्याला बोट लावणाऱ्यांना अद्दल घडलीच पाहिजे." ती बिचारी 'थँक यू काका' म्हणून निघून गेली. मला राहवलं नाही.

बायोस बोर्डात मुरलेला नसतो. तो आठ पायांच्या एका चिपमध्ये असतो, बहुतेक वेळा विनबाँड नाहीतर मॅक्रोनिक्सची, बॅटरीजवळ नाहीतर रॅमच्या आसपास. अर्धवट फ्लॅशनं, म्हणजे बायोस लिहिणं मधेच तुटल्यानं, चिप मरत नाही, तिच्यातलं लिखाण अर्धवट राहतं. ते पुन्हा लिहिता येतं.

आणि एचपीला तर आधी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. दुसऱ्या मशीनवर त्याच मॉडेलची बायोस फाईल उतरवून फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवर रिकव्हरी तयार करायची, विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दाबायचं. बऱ्याच डेलमध्ये कंट्रोल-एस्केप धरून चार्जर लावला की रिकव्हरी उघडते. नाहीच झालं तर चारपाचशेचा सीएच341ए प्रोग्रामर (यूएसबीला लावून चिप वाचायचा-लिहायचा डबा), चिपच्या पायांवर बसणारी एक क्लिप आणि लिनक्सवरचं फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर. बॅटरी काढा, सीमॉसचा (बोर्डावरचा, घड्याळाचा) सेल काढा, चिपच्या ठिपक्याकडे क्लिपची लाल वायर ठेवा, आधी वाचा. दोनदा वाचा, दोन्ही फायलींचे हॅश (फाईलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळले तरच पुढचं. न जुळले तर पाय आयपीएनं (सफाईच्या अल्कोहोलनं) पुसा. आपल्याकडे खाऱ्या हवेत त्या पायांवर हिरवट थर चढलेला असतो, क्लिप बसल्यासारखी वाटते आणि फाईलभर नुसते एफएफ, म्हणजे कोरंच, येतात.

यातलं एकही वाक्य त्या मुलीला कुणी सांगितलं नाही. थेट भंगार.

हिशेबी

आलो. माझंच नाव घेऊन धागा काढलाय म्हणजे उत्तर देणं भाग आहे.

साहेब, तुम्ही एका दमात प्रोग्रामर, क्लिप, लिनक्स, हॅश आणि आयपीए म्हणालात. ती मुलगी बीकॉमला आहे. तिला सोमवारी असाइनमेंट द्यायची होती. तुमच्या यादीतलं अर्धं सामान ऑनलाईन मागवायचं, त्यासाठी दुसरा चालू लॅपटॉप हवा, आणि एवढं करून हाती काय? मेलेल्या बॅटरीचा जुना डबा. मी हिशेब सांगितला, अंत्यसंस्कार नाही केले.

'अद्दल' हा शब्द जास्त झाला असेल. पण मूळ मुद्दा मागे घेत नाही. जे चालतंय त्याचा बायोस अपडेट करायचा कशाला?

सायबर_पण_साधा

कशाला ते सांगतो. 2018 ला प्रोसेसरमधली स्पेक्टर-मेल्टडाऊन ही भोकं उघड झाली, त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) बायोस अपडेटमधूनही आले. 2023 च्या डिसेंबरात लोगोफेल आलं. चालू होताना जो कंपनीचा लोगो दिसतो ना, ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोक. ते अँटिव्हायरसनं बुजत नाही. 'चालतंय' हे तुम्हाला वाटतं.

आणि 'बोट लावलं म्हणून अद्दल' तर पूर्ण चूक. उबंटू 17.10 हे लिनक्स आठवतंय? 2017 च्या शेवटी त्यातल्या, बायोसच्या चिपशी बोलणाऱ्या इंटेल-एसपीआय ड्रायव्हरनं कित्येक लिनोव्होंचा बायोस असा अडकवला की सेटिंग सेव्हच होईना. आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) मागे घ्यावी लागली. त्या लोकांनी कुठं फ्लॅश केलं होतं? साधं लिनक्स टाकलं होतं.

तिस्क_फोंडा

मी काउंटरवर बसतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं सुनावतो.

रात्रपाळी म्हणतात ते खरं, चिप लिहिता येते. आठवड्याला चारपाच करतो. पण तो चारपाचशेचा काळा प्रोग्रामर! त्याच्या जंपरवर 3.3 लिहिलेलं असतं, डेटाच्या पायांवर 5 व्होल्ट येतात. बऱ्याच 3.3 च्या चिप सहन करतात, म्हणून व्हिडिओवाले काही बोलत नाहीत. आता बऱ्याच नव्या मशीनमध्ये 1.8 ची चिप. भिंग घेऊन नंबर बघा: डब्ल्यू25क्यू128 च्या पुढं एफव्ही असेल तर 3.3, एफडब्ल्यू असेल तर 1.8. एका अक्षराचा फरक. मधे अॅडॉप्टर न लावता 1.8 च्या चिपवर हा डबा चढवला की चिप जाते, आणि नशीब खराब असेल तर शेजारचा चिपसेटही. मग काका लोक म्हणतात 'बोर्ड गेला' आणि ते खरं ठरतं!

पावसाळ्यात एक मुलगा बोर्ड पिशवीत घालून आला. क्लिप उलटी लावलेली, चिपचं प्लास्टिक फुगलेलं. म्हणतो "काका, फक्त फ्लॅश मारायचाय." आणि पुष्कळ नव्या बोर्डांत चिपला पायच नसतात, डब्ल्यूएसओएन म्हणतात त्या प्रकाराला, क्लिप धरणार कुठं? तिथं बहुधा हॉट एअरच लागते, गरम हवेनं चिप उतरवायला. हे सगळं घरी करा म्हणून सांगणारे रात्रपाळी माझ्या धंद्यासाठी चांगलेच आहेत म्हणा.

व्हाईटलिस्टग्रस्त

मुळात माणूस बायोस मॉड, म्हणजे बायोसमध्ये फेरफार, का करतो ते कुणी विचारत नाही. माझ्या लिनोव्हो थिंकपॅड एक्स230 मध्ये नवं वायफाय कार्ड टाकलं तर पडद्यावर 'अनधिकृत कार्ड' म्हणून मशीन सुरूच होईना. माझं मशीन, माझं कार्ड, आणि अधिकृत ठरवणार कोण? चालतील त्या कार्डांची यादी, म्हणजे व्हाईटलिस्ट, बायोसमध्ये. म्हणून मॉड. त्यात दोन चिप आहेत, 8 एमबी आणि 4 एमबी. आता कोअरबूट, म्हणजे खुला, फुकट बायोस, आहे त्यात, झकास चालतंय. 2022 च्या डिसेंबरात सरकारनं राईट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, त्यात कार्डांच्या या दादागिरीबद्दल काय करणार ते

हिशेबी

झालं सुरू. वायफाय कार्डाचा आणि त्या मुलीचा काय संबंध?

सायबर_पण_साधा

व्हाईटलिस्टवाल्यांना एकच: एक्स230 ची गोष्ट आजच्या मशीनला लावू नका. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे 2013 च्या हॅसवेल प्रोसेसरपासून, बूट गार्ड (चालू होताना बायोसची सही तपासणारं कुलूप) आहे. कंपनीनं चावीचा हॅश चिपसेटच्या फ्यूजमध्ये जाळून ठेवला असेल तर सुरुवातीच्या भागातला एक बाइट बदलला तरी मशीन उठणार नाही. आणि ते कुलूप असावंच. लॅपटॉप काय फक्त तुमच्याच हातात असतो?

रात्रपाळी_पर्वरी

इथंच गल्लत होते. मॉड वेगळा, रिकव्हरी वेगळी. बूट गार्ड बदललेल्या बायोसला अडवतो. तुमच्याच मशीनचा मूळ डंप (चिपमधून वाचून ठेवलेली फाईल) परत लिहिला तर सही तीच, तो का अडवेल? म्हणून तर सांगतोय, लिहिण्याआधी वाचून ठेवा. बाकी कुलपाचं कौतुक करताना 2023 ला एमएसआय या कंपनीच्या डेटाची चोरी झाली त्यात बूट गार्डच्या खासगी चाव्याही बाहेर पडल्या, तेही लिहा.

डिचोली_लॅब

"तुमच्याच मशीनचा" यावरून आमच्याकडची गोष्ट सांगते. मी शाळेच्या संगणक कक्षात आहे. एका दुकानातून काही जुने लॅपटॉप घेतले होते, नाव घेत नाही. त्यातले दोन एकत्र चालू केले की नेट ये-जा करायचं. एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं. केबल बदलली, स्विच बदलला, इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावलं, त्यानं चहा पिऊन 'लाईनीचा प्रॉब्लेम' म्हणून सांगितलं. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून आयपीकॉन्फिग-ऑल ही कमांड मारली. लॅनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर प्रत्येक मशीनचा वेगळा असायचा तो नंबर) शेवटच्या अक्षरापर्यंत एकच! बायोस उघडून बघितलं तर सिरीयल नंबरही एकच, आणि खालच्या स्टिकरवर मात्र वेगवेगळे.

दुकानदारानं दोन्हींत एकच उतरवलेला डंप मारला होता. विंडोजही सक्रिय होईना.

रात्रपाळी_पर्वरी

अगदी हेच. इंटेलच्या लॅनचा मॅक त्याच चिपमधल्या जीबीई (लॅनच्या) भागात असतो. सिरीयल, यूयूआयडी (मशीनचा ओळख-क्रमांक) बहुतेकांत तिथंच. विंडोज 8 पासून कंपनीनं घातलेली विंडोजची चावीही तिथंच. दुसऱ्याचा डंप मारला की लॅपटॉपची ओळख पुसली.

तिस्क_फोंडा

कोणाच्या दुकानावर बोलताय ते कळतंय हां.

बाई, मशीन माझ्याकडे येतं तेव्हा मूळ बायोस अर्धा पुसलेला असतो. कंपनीच्या साईटवरच्या फाईलीत मॅनेजमेंट इंजिनचा (एमई, इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या प्रोसेसरचा) भाग बहुतेक वेळा पूर्ण नसतो, ती सरळ चिपवर मारून चालत नाही. मग डंप शोधायचा, एमई साफ करायचा, सिरीयल, यूयूआयडी, मॅक हेक्स एडिटरमध्ये हातानं भरायचे. गिऱ्हाईक म्हणतं "संध्याकाळपर्यंत द्या, सातशेच्या वर देणार नाही." सातशेत ओळखसुद्धा हवी?

डिचोली_लॅब

सातशेत हवी की नको ते मला माहीत नाही. बिलावर 'बायोस रिपेअर' लिहिलं होतं, 'दुसऱ्याचा बायोस' नव्हतं लिहिलं.

म्हापसा_शुक्रवार

खरं दुखणं कुणी बोलत नाही. सिरीयल बदलता येतो म्हणजे चोरीचा लॅपटॉपही नवा होतो. सेकंडहँड घेताना बायोसमधला नंबर आणि खालचं स्टिकर जुळवून बघा. न जुळल्यास सरळ उठा. बायोसचा पासवर्ड काढून देणारे पण हेच काउंटरवाले.

तिस्क_फोंडा

हे अती झालं. पासवर्डवालं मशीन मी बिलाशिवाय घेतच नाही. सगळ्या काउंटरवाल्यांना चोर म्हणायचं असेल तर नाव-गाव घालून म्हणा.

म्हापसा_शुक्रवार

तुम्हाला म्हटलं नाही मरे. टोपी बसली तर मी काय करू.

तिस्क_फोंडा

टोपी बसली म्हणे! गेल्या चवथीला एक गृहस्थ नातवाचा लॅपटॉप घेऊन आले, पासवर्ड विसरलाय. बिल मागितलं तर म्हणाले "आमच्यावर संशय?" आणि निघून गेले. पंधरा मिनिटांनी बिल घेऊन परत आले, मग काम केलं. यात चोर कोण? संशय घेतला म्हणून शिव्या, नाही घेतला म्हणून शिव्या. आणि मॅकचं म्हणाल तर बाईंचं बरोबर आहे, तो बदलायलाच हवा होता. ज्यानं नाही बदलला तो आळशी. एवढंच, चोर नाही.

जुनो_पणजीकार

तुम्ही सगळी नवी मंडळी. 1999 च्या 26 एप्रिलला सीआयएच व्हायरसनं बायोस पुसले तेव्हा मी पणजीत एका ऑफिसात होतो. तेव्हा बऱ्याच बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये, काढता-घालता येईल अशी, असायची. तशाच दुसऱ्या चालू मशीनची चिप उपटायची, चालू बोर्डावरच आपली मेलेली चिप बसवायची आणि लिहून काढायची. चहा थंड व्हायच्या आत काम. सॉकेट काढून चिप सोल्डर केली तिथंच वाट लागली. व्हाईटलिस्ट, बूट गार्ड हे सगळं नंतरचं.

हिशेबी

मग मला सांगा, इतकी सगळी मारामारी वाचून त्या मुलीनं काय करावं? 5 व्होल्ट, एफव्ही-एफडब्ल्यू, जीबीई, एमई. मी म्हटलं होतं 'सोडून दे', तुम्ही सगळ्यांनी मिळून तेच जास्त शब्दांत म्हटलंत.

रात्रपाळी_पर्वरी

नाही. पहिली पायरी पेनड्राईव्ह. फुकट. तिथं उठला तर क्लिपचा प्रश्नच नाही. नाही उठला तर तिस्कसारखा माणूस शोधायचा आणि त्याला विचारायचं, 'माझा सिरीयल नंबर आणि मॅक परत भराल का?' सातशेचे हजार पडले तरी बोर्डापेक्षा स्वस्त.

हिशेबी

पेनड्राईव्हचं मला माहीत नव्हतं असं नाही, सुचलं नाही. ठीक आहे, विंडोज-बी आधी. लिहितो तिच्या प्रश्नाखाली. पण अपडेट मारताना मेलेली बॅटरी चालत नाही, हेही लिहिणार, आणि ते ठळक अक्षरांत.

तिस्क_फोंडा

हजार म्हणालात ते सगळ्यांनी वाचलंय ना? स्क्रीनशॉट काढून काउंटरवर लावतो.

व्हाईटलिस्टग्रस्त

माझं वाक्य मधेच तुटलं होतं, पोर्टलबद्दल

सायबर_पण_साधा

नको.

नवखा_वास्को

वर सगळं वाचलं नाही, सॉरी. माझा पण जुना एचपी आहे, पडदा काळा आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो. रॅम बदलू का?

डिचोली_लॅब

थांबून थांबून किती वेळा लुकलुकतो ते मोजा. जुन्या एचपींत दोन वेळा असेल तर बायोस, तीन वेळा असेल तर रॅम.

नवखा_वास्को

दोनच. चार्जर काढून पुन्हा बघितलं, दोनच.

हिशेबी

विंडोज आणि बी धरून पॉवर दाब. पेनड्राईव्ह फॅट32 कर. आणि बॅटरीची काय अवस्था आहे ते आधी सांग.