दोन्ही दिवस 30 टक्के पाऊस, मग एकूण 60 का?

बहिणीचं लग्न आहे वर्धा रोडच्या लॉनवर, शनिवारी हळद रविवारी लग्न, ॲप दोन्ही दिवशी 30 टक्के दाखवून राहिलं. वॉटरप्रूफ पेंडॉलचे पैसे जास्त सांगते मंडपवाला. 60 धरू का?

> बेरीज नाही करत भाऊ, नाहीतर 4 दिवसांचे 120 होतील ना बे 😄 दोन्ही दिवस कोरडे राहायचे चान्स 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्के. निदान एकदा पाऊस, 51.

> हे दोन्ही दिवस सुटे धरले तर. पाऊस तसा नसते, आला तर सलगच मुक्काम ठोकते, म्हणून 51 पेक्षा कमीच धरा. आणि पंगतीत पाणी शिरलं तर नुकसान किती, ते बघा आधी. पेंडॉलचा जास्तीचा खर्च त्याच्या निम्म्याहून बराच कमी असंल तर घेऊन टाका.

बरं, मग जेवणाच्या बाजूलाच लाव म्हणतो त्याले.